आधी जॅकेट, मग रायफल

मी विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. पहिल्यांदा एअर रायफल हातात घेतली तेव्हा 39 वर्षांची होते, आणि तीही भाच्याला नेमबाजीच्या रेंजवर सोडायला जायचे म्हणून. 2024 च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक मिळवलं आणि कोल्हापूरचं वारं सांगलीपर्यंत आलं. भाचा दोन महिन्यांत कंटाळला. वर्षाची फी भरलेली होती, ती बुडायला नको म्हणून त्याच्या जागी मी उभी राहिले. अजून उभी आहे.

स्वप्नीलचं पदक 50 मीटर थ्री पोझिशनचं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, अशा तिन्ही स्थितींत नेम. मी सांगतेय ती 10 मीटर एअर रायफल, अभिनव बिंद्रानं 2008 ला बीजिंगमध्ये सुवर्ण घेतलं ती. हिच्यात फक्त उभं राहायचं. सुरुवातीची 15 मिनिटं तयारी आणि साईटिंग, म्हणजे न मोजले जाणारे सरावाचे शॉट, मग 75 मिनिटांत 60 शॉट. बायकांना पूर्वी 40 असायचे, 2018 पासून त्यांनाही 60. टार्गेटवरचा काळा गोल 30.5 मिलिमीटरचा, म्हणजे दहाच्या नाण्यापेक्षा जरासा मोठा. त्याच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो ठिपका दहा मीटरवरून कुणालाच दिसत नाही. आपण फक्त पुढच्या साईटच्या रिंगमध्ये काळा गोल मधोमध बसवायचा. दुर्बीण नसते, मागे बारीक भोकाची पीप साईट असते. गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त 10.9.

घरच्यांचा पहिला प्रश्न लायसनचा होता. 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या आणि 0.177 इंचांपर्यंतच्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या भोकाच्या, एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेतली, ताकदीत त्याच्या पुष्कळ खाली असते. दुसरा प्रश्न खर्चाचा, आणि इथेच मोठी माणसं फसतात. हातात पगार असतो, उत्साह असतो, मग पहिल्याच महिन्यात रायफल बघायला लागतात. परदेशी मॅच रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. माझं ऐका, निदान सहा महिने क्लबची वापरा. स्वतःची पोझिशन बसायच्या आधी आपल्याला खांद्याला टेकणारा बट किती लांब हवा, गाल टेकवायचा चीकपीस किती उंच हवा, हे कळतच नाही.

पैसे घालायचेच तर आधी जॅकेट-पँट आणि बूट घ्या. जाड कॅनव्हासचं ते जॅकेट पाठीला आधार देतं, आणि दुसऱ्याच्या मापाचं घातलं की दुसऱ्याच्याच मापानं उभं राहायची सवय लागते. मी दोन महिने एका उंच मुलीचं जॅकेट घालून कोपर कंबरेच्या हाडावर शोधत होते, सापडायचंच नाही. कापडाच्या एका थराची जाडी 2.5 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, स्पर्धेत ती मोजतात. तेव्हा घेताना ‘आणखी कडक आहे’ अशा कौतुकाला भुलू नका. माझं शिवून आलं ऑक्टोबरमध्ये, अगदी अंगाबरोबर. दिवाळीचा फराळ झाला आणि बटणं लागेनात.

आता उभं राहण्याबद्दल. रायफल नियमानं साडेपाच किलोपर्यंत असू शकते. मी पहिले काही आठवडे ती हातानं उचलून धरत होते, आणि रात्री भाकरी थापताना दंड थरथरायचा. सर म्हणाले, “मॅडम, उचलू नका, ठेवा.” डावं कोपर कंबरेच्या हाडावर, कंबर किंचित टार्गेटकडे, मनगटापासून टाचेपर्यंत वजन हाडांवरून जमिनीत. दंडाचं काम जवळपास काहीच नाही. हे समजलं त्याच दिवशी, पण जमायला पावसाळा गेला.

मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. साईट काळ्या गोलाच्या डावीकडे दिसली तर हातानं उजवीकडे ओढायची नाही, पाय सरकवायचे. ओढलेला हात ट्रिगर दाबताना आपल्या जागी परत जातोच. आम्हा मोठ्यांना हेच जड जातं. चूक दिसली की हातासरशी दुरुस्त करायची सवय असते. साईट आठ-दहा सेकंदांत स्थिर झाली नाही तर रायफल खाली घ्यायची. इथे मात्र नोकरी कामी आली. नोटा मोजताना आकडा हुकला तर आम्ही अंदाजानं पुढे जात नाही, बंडल पहिल्यापासून मोजतो.

पाठीची कुरकुर असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा, कारण या पोझिशनमध्ये कंबर मागे आणि बाजूला वाकते. चाळिशीचा चष्मा असेल तर आणखी भानगड. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून मान जरा हलली की पुढची रिंग धूसर होते. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुढच्या साईटचं अंतर मोजून नेलं आणि तेवढ्याचसाठी वेगळी काच करून घेतली. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे पट्टी लावा. मिटला की तासाभरात चेहरा आखडतो.

आणि बीपीची गोळी. आमच्या रेंजवर पन्नाशीचे एक काका आहेत, त्यांना मेटोप्रोलॉल चालू होती. ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करते, म्हणून नेमबाजीत तिला बंदी आहे. फक्त स्पर्धेच्या दिवशी नव्हे, एरवीही. काकांनी गोळी आपल्या मनानं बंद केली नाही, डॉक्टरांकडून बदलून घेतली. तुम्हीही तसंच करा.

छर्रे शिशाचे असतात. साबणानं हात धुतल्याशिवाय भडंगाच्या पुडीला हात लावू नका. आमच्या रेंजवर तसा कागदच डकवलाय, आणि त्याच्याखाली बसूनच पोरं भडंग खातात.

स्पर्धेसाठी क्लबमार्फत जिल्हा संघटनेत नाव घालावं लागतं. वयाची वरची अट नाही, सीनियर गटात विशीच्या मुलींशेजारी उभं राहायचं. देशाच्या रायफल संघटनेची स्थापना 1951 ला झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, म्हणजे मूळ घराणं आपल्या संगमेश्वरकडचं. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही होते. तिथपर्यंत माझी मजल नाही.

माझी पहिली मॅच दहाव्या महिन्यात झाली. 561.4 आले. चाळीस शॉटपर्यंत बरं चाललं होतं, मग शेजारची मुलगी संपवून सामान आवरायला लागली आणि मला उगीच काउंटर बंद व्हायची वेळ झाल्यासारखं वाटलं. शेवटचे दहा शॉट धडाधड सोडले, त्यात दोन सात. मान वर केली तर घड्याळात 22 मिनिटं शिल्लक.

पुढची मॅच डिसेंबरात आहे. जॅकेटची बटणं शिंप्याकडून सरकवून घेतलीत, चकल्या यंदा अर्ध्या किलोच्याच करणार आहे.