एका साइटवरचं डीफेजिंग: खुल्या क्वांटम प्रणालीतलं स्कॅटरिंग कसं मांडायचं

सुरुवातीलाच मोठी प्रणाली घेऊ नका. एकमितीय टाइट-बाइंडिंग साखळी (कण एका साइटवरून शेजारच्या साइटवर उडी घेतो असं मॉडेल), हॉपिंग म्हणजे शेजारी जाण्याचा गुणांक −१, आणि मधल्या एकाच साइटला गॅमा दराने डीफेजिंग, म्हणजे परिसरामुळे कणाच्या तरंगाची कला विस्कटणं. एवढं पुरे, उत्तर कागदावर ताडून बघता येतं.

साखळीच्या अनंत बाजू संगणकात मावत नाहीत, म्हणून प्रत्येक लीडऐवजी (अशा अनंत बाजूऐवजी) तिचा परिणाम सामावणारी सेल्फ-एनर्जी घाला: सिग्मा = −एक्स्प(आय·के), जिथे के ही तरंगसंख्या आणि ऊर्जा ई = −२ कॉस(के). डीफेजिंगमुळे साइटवर −आय·गॅमा/२ ही पदराशी येते. मग साइटचं ग्रीन फंक्शन जी = १/(ई − २·सिग्मा + आय·गॅमा/२). वेग व्ही = २ साइन(के) धरला, तर पारगमन (कण पार जाण्याची संभाव्यता) व्ही²·|जी|² आणि परावर्तन |−१ + आय·व्ही·जी|². साइट जास्त असतील तर मॅट्रिक्सचा व्यस्त काढत बसू नका, पायथनच्या नम्पाय लायब्ररीचं सॉल्व्ह वापरा.

ऊर्जापट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे ई = ० ला, व्ही = २. गॅमा = ४ ठेवलं की पारगमन ०.२५, परावर्तन ०.२५. गॅमा ४० केलं तर पारगमन ०.००८, परावर्तन ०.८३. डीफेजिंग वाढवलं तर कण साइटवर शिरेनासाच होतो. हा बग नव्हे, झेनो परिणाम आहे: साइटवर सतत ‘पाहणी’ झाल्यासारखं होऊन तिथे जाणंच अडतं.

सिग्माचं चिन्ह मात्र दोनदा तपासा, काल्पनिक भाग ऋणच हवा. गॅमा शून्य असताना चुकीच्या चिन्हानेही पारगमन बरोबर येतं, म्हणून चूक लपून राहते. वरच्याच उदाहरणात गॅमा = ४ घातलं की छेद शून्य होतो.

आता गॅमा = ४ च्या हिशेबात उरलेले ०.५ कुठे गेले? बरेच जण त्याला ‘शोषण’ म्हणून मोकळे होतात. डीफेजिंगमध्ये कण हरवत नाही, फक्त कला विस्कटते. ०.५ ही निदान एक क्वांटम उडी (डीफेजिंगमुळे अवस्था अचानक त्या साइटवर एकवटणं) होण्याची संभाव्यता आहे. उडीनंतर कण त्याच साइटवर असतो आणि सममितीमुळे अखेर निम्म्या वेळा डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे निघतो. म्हणून खरं पारगमन ०.२५ + ०.२५ = ०.५.

डीफेजिंगच्या साइट वाढल्या की ही सममितीची पळवाट बंद होते. तिथे ट्रॅजेक्टरी चालवा, म्हणजे यादृच्छिक उड्यांसह एकेका कणाचा प्रवास पुन्हापुन्हा संगणकावर घडवा. आधी वरच्याच एका साइटच्या उदाहरणावर पडताळा: ४०० साइट, डीफेजिंग २०० व्या साइटवर, गॅमा = ४, तरंगपुंज १०० वर, रुंदी १५, के = पाय/२ (इथे पुंज फारसा पसरत नाही). ० ते १ मधला यादृच्छिक आकडा काढा, अहर्मिशियन हॅमिल्टोनियनने (ज्यात −आय·गॅमा/२ आहे) पुढे चालवा, नॉर्मचा (तरंगाच्या एकूण आकाराचा) वर्ग त्या आकड्याखाली गेला की उडी मारा, नॉर्म १ करा, नवा आकडा काढा. वेळ १२० ला थांबून प्रत्येक ट्रॅजेक्टरीत कण डावीकडे सापडतो की उजवीकडे ते मोजा. त्यापुढे पुंज टोकावर आपटून परततो. १००० ट्रॅजेक्टरींत पारगमनाची सांख्यिकी चूक ०.०१६ च्या आसपास राहते, तेव्हा ०.४९ आलं तर कोड उकलत बसू नका.