रस्त्याकडेच्या जुन्या सामानाच्या दुकानात: आधी वस्तू पालथी करून बघा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना रस्त्याकडेला पत्र्याखाली मांडलेलं जुनं सामान दिसलं की मी थांबतेच. वाटण्या झाल्या, जुनं घर मोडलं, की घरातली कपाटं, हंडे, दिवे, चिनीमातीच्या बश्या अशा दुकानांत येऊन पडतात. मात्र त्यांच्याच शेजारी मुद्दाम काळवंडवलेल्या नव्या वस्तूही मांडलेल्या असतात.

सकाळच्या उजेडात जा. टॉर्च, मापाची टेप आणि छोटं लोहचुंबक सोबत ठेवा. पहिली फेरी नुसती बघत मारा आणि एखादी वस्तू मनात भरली तरी लगेच तिच्याकडे धावू नका. दुसऱ्या फेरीत ती मागून आणि खालून बघा.

लाकडाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. शिसवी किंवा सागवानी कपाटाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. पॉलिश न केलेल्या आतल्या बाजूचं लाकूड वर्षानुवर्षांच्या हवेने काळपट झालेलं असतं. ते कोरं, पिवळसर दिसलं तर प्रश्न विचारा. पाठीवर अर्धगोल करवतीच्या खुणा दिसल्या तर फळी यंत्रावर कापलेली आहे. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे ‘पणजोबांच्या काळातल्या’ खुर्चीत ते सापडले तर एक तर ती दुरुस्त झालेली असते किंवा नवी. गोल टेबल दोन्ही दिशांनी मोजा. लाकूड शिरांच्या आडव्या अंगाने आक्रसतं, म्हणून जुन्या टेबलाच्या दोन मापांत थोडा फरक पडतो.

आणि भोकं! जुनी, काळी भोकं असली तर बिघडत नाही. पण त्यांच्याखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला तर आत कीड जिवंत आहे. मे महिन्यात मी हौसेने एक पेटी घेतली होती. चतुर्थीपर्यंत तिच्याखाली भुशाची रांगोळी पडली आणि शेजारचं कपाटही खराब झालं. ते कपाट माझ्या आजीचं होतं. त्याची हळहळ अजून जात नाही.

पितळेला चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे. हंडा-घागरीत पाणी भरून डाख, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, गळतो का ते बघा, आणि स्वयंपाकासाठी हवं असेल तर आधी कल्हई करून घ्या. चिनीमातीची बशी बोटांवर तोलून हलकेच टिचकी मारा. बद्द आवाज आला तर कुठेतरी केस गेलेला, म्हणजे केसासारखी बारीक चीर पडलेली असते.

पोर्तुगीज नाणी बहुतेक दुकानांत असतात. पोर्तुगीज राजवटीत इथे गोव्यात आधी रुपया चालायचा, आणि 1950 च्या दशकाच्या शेवटी त्याजागी एस्कुदो आला. एका रुपयाचे सहा एस्कुदो धरले गेले. नाण्याची कड नीट बघा. तिथे साच्याच्या जोडाची रेघ दिसली तर ते नाणं पाडलेलं नाही, ओतलेलं आहे.

हस्तिदंत घेऊ नका, कितीही जुनं म्हणून सांगितलं तरी. त्याचा व्यापार बेकायदा आहे. देवळातल्या मूर्ती आणि चर्चमधले संतांचे पुतळे यांबाबत मी हट्टी आहे: कुठून आली ते सांगता येत नसेल, तर ती वस्तू कुणाच्या तरी गाभाऱ्यातून, अल्तारावरून गेलेली असू शकते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कोरीव काम ‘पुरावस्तू’ ठरतं. अशा वस्तू विकायला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. म्हणून बिलावर वस्तूचं वर्णन लिहून घ्या.

भाव शेवटी विचारा. ‘कितें पडटा, पात्रांव?’ असं हसत म्हणा, पण त्याआधी वस्तू कुठल्या गावातल्या घरातून आली ते विचारा. खरं माहीत असलेला दुकानदार थांबून सगळं सांगतो, आणि त्या गोष्टीसाठी मी चार पैसे जास्त द्यायला तयार असते.

घरी आणलेली लाकडी वस्तू लगेच खोलीत घेऊ नका. ओट्यावर पांढऱ्या कागदावर पंधरा दिवस ठेवा आणि रोज सकाळी कागदावर भुसा पडला आहे का ते बघा.