कोकरांचा खुराक: भरडा की गोळी, शेंगपेंड की सरकी?

शिरोळ-हातकणंगलेच्या ऊसपट्ट्यात तोड सुरू झाली की वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक मिळते आणि अनेक घरी कोकरांनाही तेच घातले जाते. त्याने पोट भरते. परंतु वाढ्यात प्रथिने जेमतेम ५ ते ६ टक्के असतात, तर दूध तुटलेल्या वाढत्या कोकराच्या खुराकात ती १६ टक्क्यांच्या आसपास हवीत. ही तूट पेंडीने, म्हणजे तेलबियांतून तेल काढून उरलेल्या चोथ्याने, भरून काढावी लागते.

पेंड बदलण्यापूर्वी खुराक घातल्यावर अर्ध्या तासाने गव्हाण पाहावी. भरडा (भरडून केलेले खुराकाचे मिश्रण) फार बारीक असेल तर कोकरे मक्याचे कण टिपून घेतात, शिंकतात आणि तळाशी पिठूळ थर सोडून देतात. महाग पेंड नेमकी त्याच थरात असते. गोळी पेंडीत (दाबून गोळ्या केलेल्या खुराकात) असे निवडून खाणे शक्य नसल्यामुळे सांडलवंड कमी होते. मात्र गोळीतला माल बारीक दळलेला असल्याने रवंथ कमी होतो, म्हणून तिच्यासोबत कडबा कुट्टी किंवा हरभऱ्याचा भुसा द्यावाच. घरी मिश्रण करणाऱ्यांनी मका जाडसर भरडावा. कोकरे अख्खा मकाही नीट चावून खातात, त्यामुळे गिरणीवर फार पैसे घालवण्याचे कारण नाही. धूळ बसवायला थोडी मळी शिंपडली तरी पुरते.

पेंडीचा भाव पोत्यावर न पाहता प्रथिनांवर पाहावा. समजा, ४२ टक्के प्रथिनांची शेंगपेंड (शेंगदाण्याची पेंड) ५० रुपये किलो आणि २२ टक्क्यांची सरकी पेंड ३५ रुपये किलो आहे. तर एक किलो प्रथिने शेंगपेंडीतून सुमारे ११९ रुपयांना आणि सरकीतून १५९ रुपयांना पडतात. स्वस्त वाटणारे पोते असे महाग ठरते. शिवाय सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते आणि पोटाची पूर्ण वाढ न झालेल्या लहान कोकरांना ते बाधते. शेंगपेंडीचा धोका वेगळा आहे: ओल लागली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. कोंदट वास येणारी पेंड उन्हात वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण उन्हाने वास जातो, विष जात नाही.

शंभर किलो मिश्रणासाठी मका भरडा ५०, शेंगपेंड १६, गव्हाचा कोंडा २०, तूरचुणी (तूरडाळ भरडताना उरणारा चुरा) १०, खनिज मिश्रण २, चुनखडी पावडर १ आणि मीठ १ किलो घ्यावे. यात सुमारे १६ टक्के प्रथिने बसतात. कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते; त्याचा तोल राखणारी चुनखडी वगळली तर नर कोकरांना मुतखड्याचा त्रास होऊ शकतो. खनिज मिश्रण मेंढ्यांसाठीचेच आणावे. गाईम्हशींच्या मिश्रणातले तांबे मेंढ्यांच्या यकृतात साठते आणि जनावर अचानक दगावते. गोठ्यात दोन्ही जनावरे असली की हीच चूक हमखास होते.

नवा खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करून दहा-बारा दिवसांत २५० ग्रॅमपर्यंत न्यावा आणि दोन वेळांत विभागून द्यावा. एकदम वाढवल्यास पोटात आम्लता होते, आंत्रविषार या आतड्यांच्या जीवघेण्या रोगाचा धोकाही वाढतो; त्याची लस आधीच टोचून घ्यावी.

दर पंधरा दिवसांनी, सकाळी चारण्यापूर्वी, त्याच पाच-सहा कोकरांना झोळीत घालून काट्यावर तोलावे आणि वजन भिंतीवर खडूने लिहावे. खुराक बदलला असेल तर त्याची तारीखही शेजारीच लिहावी.