'दे तो फोन इकडे!' : मुलांच्या ऑनलाइन छळात या चुका टाळा

शाळेच्या नावानं इन्स्टाग्रामवर कुणीतरी 'कन्फेशन पेज', म्हणजे नाव न सांगता मनातलं लिहायचं पान, काढतं. चालवणारा कोण, कुणालाच ठाऊक नसतं. त्यावर आठवीतल्या एका मुलीच्या फोटोखाली घाणेरड्या कॉमेंट्स पडू लागतात. ती बरेच दिवस मनातल्या मनात कुढते आणि शेवटी आईला सांगते. पुढच्या तासाभरात घरातली मोठी माणसं काय करतात, यावर बरंच काही ठरतं.

सर्वांत आधी हात जातो तो फोनकडे. 'सांगितलं होतं ना, इन्स्टा नको म्हणून!' एवढं ऐकलं की पुढच्या वेळी मूल तोंड उघडणार नाही. क्लासचा ग्रुप, मैत्रिणी, गृहपाठ, सगळं त्याच फोनमध्ये असतं. म्हणजे छळणारा मोकळा आणि शिक्षा हिलाच. इन्स्टाग्रामसाठी 13 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा वयाचं बोलायचं असेल तर जरूर बोला, पण वादळ शमल्यावर.

मग येते पुसापुशी. पोस्ट नकोशी वाटते म्हणून अकाउंटच उडवलं जातं, आणि शाळेत किंवा पोलिसांत दाखवायला हातात काही उरत नाही. क्रम असा ठेवा: आधी पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक. स्क्रीनशॉटमध्ये युजरनेम आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंकही जपा. व्हॉट्सॲपवर ग्रुप रिपोर्ट करताना त्याच चौकटीत ग्रुप सोडून मेसेज पुसण्याचा पर्याय येतो, तिथे घाई नको. कंपनीकडे शेवटचे पाचच मेसेज जातात, बाकीचे तुम्हीच सांभाळायचे. स्नॅपचॅट तर स्क्रीनशॉट काढल्याचं समोरच्याला कळवतं, त्यामुळे दुसऱ्या फोननं फोटो काढलेला बरा.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि चांगली शिकलेली माणसंही इथेच फसतात. प्रकरण मुलाच्या किंवा मुलीच्या नग्न फोटोचं असेल, चेहरा तिचा आणि बाकीचं मॉर्फ केलेलं, म्हणजे खोटं जोडलेलं, असलं तरी, तो 'पुरावा' म्हणून बाईंना, पोलिसात ओळख असलेल्या काकांना, पालकांच्या ग्रुपवर अजिबात पाठवू नका. अशी चित्रं डाउनलोड करणं आणि पुढे पाठवणं हा आयटी कायद्याच्या कलम 67बी खाली गुन्हा आहे. शिवाय तुम्ही फॉरवर्ड केलेलं पुढे कुठे जाईल, ते तुमच्या हातात नसतं. लिंक, युजरनेम, वेळ कागदावर लिहून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला-मुलांच्या विभागात तक्रार करा. तिथे निनावी तक्रारीचीही सोय आहे. फोटो मुलाच्या स्वतःच्या फोनमध्ये असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा कामाला येते. ती फोटोचा डिजिटल ठसा फोनवरच तयार करते, मूळ फोटो बाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो शोधून काढतात.

अशा वेळी शाळा म्हणते, 'आपसात मिटवू, नाव खराब होईल.' लैंगिक छळाच्या बाबतीत तसं चालत नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला द्यावीच लागते.

नुसत्या टिंगलीचं मात्र वेगळं. आपल्याकडे 'सायबर बुलिंग' असा स्वतंत्र गुन्हा नाही, आणि ऑनलाइन त्रासदायक मजकुराचं कलम 66ए सुप्रीम कोर्टानं 2015 मध्येच रद्द केलं. धमकी, पाठलाग, दुसऱ्याचा फोटो लावून फेक अकाउंट यांना कलमं आहेत. 'जाड्या' म्हणून बनवलेल्या मीमसाठी वर्गशिक्षिकाच गाठाव्या लागतात. समोरच्या मुलाच्या घरी जाऊन तावातावानं भांडण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण त्या भांडणाचीही दुसऱ्या दिवशी स्टोरी होते.

'दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील' हा सल्ला एखाद्या कॉमेंटपुरता ठीक. रोज चालणाऱ्या प्रकाराला तो लागू नाही. मूल जेवत नसेल, शाळा टाळत असेल, 'मी नसतेच तर बरं' असं काही बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस 14416 आणि चाइल्ड हेल्पलाइन 1098, दोन्ही चोवीस तास चालू असतात.

आणि त्या पेजचा ॲडमिन तुमचाच चिरंजीव निघाला तर? 'मस्करीच तर केली' म्हणत पांघरूण घालू नका, आणि झोडपूही नका. पोस्ट त्यालाच काढायला लावा, कुठे कुठे पाठवली ते विचारा, आणि त्या मुलीच्या घरच्यांनी तक्रार करायची ठरवली तर आड येऊ नका.