घर घेण्याआधी थांब्यावर उभे राहा

शहर बससेवेत मी 24 वर्षं वेळापत्रकं बनवली. कुठली बस कधी सुटणार, वाटेत किती वेळ लागणार, शेवटची फेरी किती वाजता, हेच रोजचं काम. तरीही पहिलं घर घेताना ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ या शब्दांवर आम्ही विसंबलो. नकाशावर स्टेशन खरंच हाकेच्या अंतरावर होतं. पण आत शिरायची वाट रुळांच्या पलीकडून होती आणि मध्ये 52 पायऱ्यांचा पूल. दारातून निघून फलाटावर पोचायला 14 मिनिटं लागायची. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना तो पूल चढताच येईना. स्टेशनाशेजारी सहा वर्षं राहून त्या एकदाही रेल्वेत बसल्या नाहीत. त्याची खंत मला अजून आहे. म्हणून दुसरं घर बघताना मी काय काय तपासलं ते सांगते.

आधी घड्याळ लावा. इमारतीच्या फाटकापासून नाही, घराच्या दारापासून, आणि थेट फलाटावर किंवा थांब्यावर पाय ठेवेपर्यंत. लिफ्टची वाट, आवारातली चाल, सिग्नल, रस्ता ओलांडणं, तिकिटाची रांग, जिने, सगळं त्यात येऊ द्या. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी नियम आहे: रस्त्याने 80 मीटर म्हणजे 1 मिनिट, आणि वर उरलेला तुकडा अख्खं मिनिट धरायचा. नियम चांगला आहे, पण सिग्नलला थांबण्याचा वेळ आणि चढ त्यातही धरत नाहीत. त्यामुळे जाहिरात खरी असली तरी आपली चाल आपणच मोजायची. एकदा घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला बरोबर न्या आणि त्याच्या पावलाने चाला. स्टेशनची लिफ्ट चालू आहे का, पदपथ सलग आहे का, बाबागाडी किंवा चाकाची बॅग ओढत नेता येते का, हे त्या एका फेरीत कळतं.

घर दाखवणारे बहुधा सुट्टीच्या दिवशी दुपारी बोलावतात. तेव्हा रस्ते मोकळे असतात. तुम्ही कामाच्या दिवशी, ज्या वेळेला रोज निघणार आहात त्याच वेळेला जा, आणि संध्याकाळी कामावरून थेट त्या घरी परत या. परतीचा प्रवास मोजायचा बरेच जण विसरतात. सकाळी उताराने सात मिनिटांत संपलेली वाट संध्याकाळी चढावर अकरा मिनिटांची होते.

आता माझ्या कामातली गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. थांब्याच्या पाटीवर किती क्रमांक लिहिलेत यावरून वस्ती चांगली जोडलेली आहे की नाही हे ठरवू नका. बारा मार्ग असले आणि त्यातला तुमच्या कामाचा एकच असला, तर तुमच्यासाठी तिथे एकच बस आहे. बघायचं ते दोन फेऱ्यांमधलं वेळेचं अंतर. दर 10 मिनिटांनी नेमाने बस येत असेल तर सरासरी 5 मिनिटं थांबावं लागतं. पण त्याच बसगाड्या जोडीने यायला लागल्या, म्हणजे एक आली की दोन मिनिटांत दुसरी आणि मग 18 मिनिटं काहीच नाही, तर तासाला फेऱ्या तेवढ्याच राहूनही सरासरी थांबणं 8 मिनिटांच्या वर जातं. कारण जास्त माणसं त्या 18 मिनिटांच्या पोकळीतच थांब्यावर येतात. कागदावर दोन्ही वेळापत्रकं सारखीच दिसतात. गाड्या जोडीने का येतात? पुढच्या गाडीला उशीर झाला की थांब्यावर गर्दी साठते, ती चढवताना गाडी आणखी मागे पडते, आणि मागची गाडी रिकामी असल्याने भराभर येऊन तिला गाठते. मार्ग जितका लांब, तितकं हे जास्त होतं.

म्हणून थांब्यावर एक तास उभे राहा. वहीत दोनच रकाने करा: गाडी आली ती वेळ, आणि चढता आलं की नाही. भरलेली गाडी न थांबता निघून गेली तर ती आलीच नाही असं धरा. दोन वेगळ्या दिवशी हे केलंत की मग त्या वस्तीविषयी तुम्हाला कुणी काही पढवू शकणार नाही. शक्य असेल तर जिथून गाडी सुटते त्या पहिल्या थांब्याजवळचं घर बघा, कारण तिथे बसायला जागा मिळते. रोज पाऊण तास उभ्याने जाणं आणि बसून जाणं यात वर्षानुवर्षांत शरीराला फार फरक पडतो. मात्र अगदी त्या थांब्यावर खिडकी असलेलं घर नको. पहाटेची पहिली पाळी निघताना इंजिनं चालू ठेवलेली असतात आणि हवेच्या ब्रेकचा फुसकारा तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतो.

दुसरी वाट आहे का, तेही बघा. रेल्वे बंद पडली त्या दिवशी तुम्ही कसे जाल? तुमच्या थांब्यावरच्या सगळ्या बस त्याच स्टेशनला जात असतील तर ती दुसरी वाट नाही, पहिलीचीच शेपटी आहे. खरी दुसरी वाट वेगळ्या रस्त्याने, वेगळ्या साधनाने जाते. ती जराशी लांबची असली तरी चालेल, पण असायला हवी.

‘इथे नवी रेल्वे मार्गिका होणार आहे’ असं सांगून घर विकत असतील तर जे आज चालू आहे तेवढ्याचेच पैसे द्या. होणाऱ्या मार्गिकेची किंमत विक्रेत्याने आधीच लावलेली असते. खांब उभे राहिले तरी पुढे रूळ, वीज, सिग्नल, गाड्या, चाचण्या आणि सुरक्षेची परवानगी बाकी असते, आणि तोवर तुमच्या दारातला अर्धा रस्ता पत्र्यांनी अडवलेला असतो.

आवाजासाठी त्या घरात रात्री जा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली युरोपसाठी काढलेल्या शिफारशींत, घराबाहेर रात्रीचा सरासरी आवाज रस्त्यामुळे 45 आणि रेल्वेमुळे 44 डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं आहे. गर्दीच्या रस्त्यालगत हे क्वचितच जमतं. फोनमधल्या मापकावर पूर्ण विसंबू नका, पण दोन खोल्यांची तुलना करायला तो पुरतो. सतत वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट झालं तरी आवाज साधारण 3 डेसिबलनेच उतरतो. मध्ये एखादी इमारत आडवी आली तर त्याहून बराच जास्त उतरतो. तेव्हा चार गल्ल्या लांब जाण्यापेक्षा त्याच इमारतीतलं मागच्या बाजूला तोंड असलेलं घर घ्या. निदान झोपायची खोली तरी मागे असू द्या. रुळांजवळ असाल तर जमिनीवर पाण्याने भरलेलं भांडं ठेवा. गाडी जाताना पाणी थरथरलं तर तो हादरा जमिनीतून येतो आहे, आणि जाड काचेची खिडकी लावून तो थांबत नाही.

खोली कमी की प्रवास कमी, यावर आमच्याकडे महिनाभर वाद चालला. मी हिशोब मांडला. एका वेळचे 20 मिनिटं वाचले, तर जाऊन-येऊन 40, आणि कामाचे 250 दिवस धरले तर एका माणसाचे वर्षाला 10,000 मिनिटं, म्हणजे साधारण 167 तास. आम्ही दोघं नोकरी करणारे. दुसऱ्या बाजूला कर्ज: 9 टक्के दराने 20 वर्षांसाठी घेतलं तर मुदलाच्या 2.16 पट परत करावे लागतात. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर आम्ही लहान घर घेतलं. तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो. घरून काम करणाऱ्याने तर जास्तीची खोलीच घ्यावी.

कागदपत्रांसाठी स्वतःचा वकील करा, विक्रेत्याने सुचवलेला नको. मालकीची साखळी, घरावरचा बोजा, थकबाकी हे तो बघेलच. जोडलेल्या वस्तीत दोन गोष्टी मुद्दाम विचारा. एक, शहराच्या विकास आराखड्यात समोरचा रस्ता रुंद होणार आहे का आणि ती रेषा इमारतीच्या आवारातून जाते का. दोन, खालून किंवा शेजारून मार्गिका जात असेल तर उद्या इमारत पाडून नवी बांधताना काय बंधनं येतील. गाडी लावायची जागा तोंडी दिली असेल तर ती मिळालेली नाही असं समजा, लेखी घ्या. आणि वापरातलं क्षेत्रफळ फीतीने मोजा, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

विसार देण्याच्या आदल्या रात्री मी मुलीला घेऊन शेवटच्या बसने त्या वस्तीत उतरले. थांब्यापासून दारापर्यंत 300 मीटर. कुठला दिवा बंद आहे, कुठे दुकानं मिटल्यावर अंधार पडतो, कुत्री कुठे असतात, ते बघत हळूहळू चाललो. मधला 60 मीटरचा तुकडा मला आवडला नाही. मुलगी म्हणाली, पलीकडच्या गल्लीतून जाऊ या. ती वाट दोन मिनिटं लांब निघाली, पण तिथे खिडक्यांत उजेड होता. सकाळी विसार दिला, आणि दारापासून थांब्यापर्यंतचा आकडा वहीत चारच्या जागी सहा केला.