स्क्रीनवर माणूस घडवायला बसण्याआधी

पहिली तयारी सांगाड्याची. संगणकावर त्रिमितीय शिल्प घडवायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते उतरवून घेतलं की हात लगेच दंड नि छाती फुगवायला शिवशिवतात. तो मोह आवरा. प्रौढ माणसाच्या अंगात 206 हाडं असतात, पण घडवणाऱ्याचं काम आधी तीन मोठ्या ठोकळ्यांशी असतं: कवटी, बरगड्यांचा पिंजरा आणि कंबरेचं हाड. हे तिन्ही कण्यावर कसे कलतात, त्यावर माणूस ताठ उभा आहे, दमलाय की ओझं उचलतोय हे ठरतं. झेड-ॲनाटॉमी हा शरीररचनेचा मुक्त ॲटलास ब्लेंडरमध्येच उघडतो, तो उतरवून ठेवा. त्यातलं कंबरेचं हाड चारी बाजूंनी फिरवून बघा आणि बघून बघून घडवा. सुबक नाही झालं तरी चालेल, पण ते कळल्याशिवाय मांडी कुठून निघते हे कळत नाही, आणि नवख्यांची शिल्पं बहुधा तिथेच फसतात.

सामानाचं थोडक्यात. दाब ओळखणारा पेन टॅबलेट घ्या, लहान असला तरी भागतं. 16 जीबी रॅम असेल तर काम निवांत होतं. कमी असेल तर जाळी, म्हणजे ज्या बारीक चौकटींनी आकृतीचा पृष्ठभाग बनतो ती, विरळ ठेवा. खरं तर सुरुवातीला ती विरळच बरी, कारण सुरकुत्या कोरायची सोय राहत नाही आणि लक्ष मोठ्या आकारांवर टिकतं. क्ले स्ट्रिप्स, ग्रॅब, स्मूद, क्रीज एवढे ब्लेंडरमधले ब्रश पुरेत. पावसात वीज गेली की केलेलं काम वाया जातं, म्हणून हाताला कंट्रोल-एसची सवय लावा आणि रोजची फाईल नव्या नावाने ठेवा.

बेळगावजवळच्या खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. तिचा, नाहीतर मूर्तिकारांकडच्या शाडूचा एक गोळा टेबलावर असू द्या. मातीचा हात बेताबाहेर जड झाला की खाली लोंबतो, स्क्रीनवरचा मात्र हवेत तसाच तरंगत राहतो. वजनाची जाण मातीतूनच बोटात येते, म्हणून तळहातावर मावेल एवढी एक कवटी आधी मातीत करा.

मापं वहीत लिहून ठेवा. सर्वसाधारण माणूस स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो, उंचीचा मध्य जांघेच्या आसपास येतो, आणि डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतात. घरात मूर्तिकाम असेल तर एक फरक लक्षात घ्या. तालमानातला, म्हणजे मूर्ती मोजायच्या पारंपरिक पद्धतीतला, ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, अख्खं डोकं नव्हे. नवताल, म्हणजे नऊ ताल उंच, मूर्ती आणि साडेसात डोक्यांचा माणूस ही मोजायची दोन वेगळी मापं आहेत, ती एकाच आकृतीत मिसळू नका.

आता जिवंत अंग, आणि इथे आपला भाग फार श्रीमंत आहे. बेळगावात आणि आसपासच्या गावांत तालमी आहेत. वस्तादांना आधी विचारा, फोटो काढायचा तर ज्याचा काढायचा त्यालाही विचारा, आणि सकाळी हौद्याच्या कडेला नुसते बसा. जोर मारताना खवाटे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, पाठीवर कसे सरकतात ते बघा. हात डोक्यावर गेला की खवाट्याचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला फिरतं, म्हणून खांदा एका जागी खिळवून हात वर करणं चूकच. तळवा पालथा केला की कोपरापुढच्या दोन हाडांतलं अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं आणि अख्ख्या हाताची ठेवण बदलते. पायाचा आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो, तर पोटरीचा आतला फुगवटा बाहेरच्यापेक्षा खाली उतरतो. कान मात्र पैलवानाचे बघून शिकू नका, मार बसून त्यांची कूर्चा वेडीवाकडी झालेली असते.

पैलवानाच्या अंगावर स्नायू दिसतात, हाडं शोधावी लागतात. हाडांसाठी शेतात राबलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हात, गळा, नडग्या बघा. मग आपलंच अंग चाचपा: गळ्याखालचं वळणदार हाड, मान वाकवली की वर येणारा मणका, कंबरेची पुढची टोकं, गुडघ्याची वाटी, नडगी. इथे हाड कातडीलगत असतं. अंग सुटलेल्या माणसात यातल्या काही जागी उंचवट्याऐवजी खळगा दिसतो, तरी जागा तीच राहते. आकृतीवर या खुणा आधी ठोका, स्नायू नंतर चढवा.

पहिली उभी आकृती झाली की आरशासारखी दोन्ही बाजू सारख्या ठेवणारी सोय बंद करा आणि तिचा भार एका पायावर टाका. भाराच्या पायाकडची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. मग ती वस्तादांना दाखवा. "कसं झालंय?" असं विचारू नका, "हा गडी कुठल्या पायावर उभा आहे?" असं विचारा. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, तर कंबरेचं हाड पुन्हा कलवायला घ्या.