गवताचं बी आणायला निघण्याआधी

कुरण सुधारण्याच्या कामात येणारी मुलं आधी विचारतात, बी कुठल्या दुकानात मिळेल? धुळ्या-जळगावच्या दुकानांत चाऱ्याची ज्वारी, मका, लसूणघास मिळेल. पवना, कुसळी, मारवेल या माळावरच्या गवतांचं बी जवळच्या चांगल्या माळावरूनच आणावं लागतं. राखीव वनात वनविभागाची आणि गायरानात ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या.

माळ निवडताना जमीन बघा. मुरमाड उताराला पवना हवा, भारी मातीला मारवेल. धुळ्याजवळच्या लळिंगच्या टेकड्यांचं बी तापीकाठच्या काळ्या रानात टाकण्यात अर्थ नाही.

बी दिवाळीच्या सुमाराला पिकतं, पण त्या माळावर भाद्रपदातच एक फेरी मारा. गाजरगवत आणि रानतुळस ही तणं तेव्हा हिरवी असतात, लगेच नजरेत भरतात. जिथे ती दाट आहेत, तिथलं बी घेऊच नका. गाजरगवताचं एक झाड हजारो बिया टाकतं, आणि त्या इतक्या बारीक की चाळूनही वेगळ्या होत नाहीत. बी निवडत बसण्यापेक्षा जागा निवडणं केव्हाही सोपं.

विळ्याने कापू नका. कणीस मुठीतून ओढा, पिकलेलं हातात येतं, कच्चं झाडावर राहतं. बरंचसं बी माळासाठीही सोडा, पुढच्या वर्षी त्यालाही उगवायचंय.

घरी आल्यावर चिमूटभर बी काळ्या कापडावर पसरा आणि नखाने दाबा. आत टणक दाणा लागला तर भरलेलं, नाहीतर नुसतं फोलपट. गवतात फोलपट बरंच निघतं, म्हणून वजनावर विसंबू नका. दुसरी चिमूट पाण्यात टाका. एखादी बी थोड्या वेळात सब्जासारखी बुळबुळीत फुगली तर रानतुळशीचा संशय धरा आणि तो सगळा ढीग बाजूला काढा.

बी सावलीत वाळवून सुती पोत्यात ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावंच लागतं. पेरताना चाळलेल्या मातीत कालवून वरवर फेका, खोल गाडलं तर वर येत नाही. शेणखत मात्र टाळा, त्यातूनच बाहेरचं तण येतं. पहिले दोन पावसाळे गाजरगवत फुलायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटायला माणसं लागतील, त्यांच्या मजुरीचे पैसे आत्ताच बाजूला ठेवा.